मुंडी तपासायला, फरा खायला

वाद सुरू झाला पाण्यावरून. गॅरेजमधल्या टेबलावर एल्कचा मागचा फरा ठेवला होता. वरचं मांस सुकून त्यावर काळपट पापडी धरली होती. मामांनी ती बोटानं दाबून पाहिली, वास घेतला आणि विचारलं, हे धुतलं कवा? जावई म्हणाला, धुतलंच नाही.

मामा म्हणजे त्याचे सासरे. कोल्हापुरात त्यांचं मटणाचं दुकान, तिसऱ्या पिढीचं. आता पुतण्या बघतो. जावई पुण्याचा, संगणकवाला. त्याच्या घरी अंडी यायची तीसुद्धा पेपरात गुंडाळून, मागच्या दारानं. लग्नानंतर नवराबायको अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स गावी स्थायिक झाले आणि तिथे या गृहस्थाला शिकारीचा नाद लागला. मामा-मामी लेकीकडे आले तेव्हा नेमका शिकारीचा हंगाम, ऑक्टोबर महिना. मी त्यांच्याकडे पाहुणा होतो. जे ऐकलं ते पुढे देतो. मधेमधे तोंड घातल्याशिवाय मला राहवणार नाही, तेवढं चालवून घ्या.

एल्क हा हरणांच्या कुळातला, काश्मीरच्या हंगुलाचा जवळचा नातलग. नर सव्वातीनशे किलोपर्यंत भरतो, मादी सव्वादोनशेच्या आसपास. कोलोरॅडोत अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात एवढे नाहीत. जावयानं मारली होती ती मादी.

मामा: तीन दिस झालं, धुतलं न्हाई. मग हे मटण हाय का वाळवण?

जावई: मामा, पाणी लावलं तर ते लवकर नासतं. ओल्या मांसावर जंतू वाढतात. वरचा थर सुकला की आतलं मांस सुरक्षित राहतं. आणि डोंगरात पाणी होतं ते ओढ्याचं. दिसायला काचेसारखं, पण त्यात पोट बिघडवणारे जंतू असतात.

मामा: आमी बकरं आकड्याला लावलं की पैल्या दोन बादल्या मारतो.

जावई: कारण पहाटे कापलेलं दुपारपर्यंत लोकांच्या पोटात गेलेलं असतं. मला हे अजून आठवडाभर टांगायचंय.

मामा: आठवडाभर? शिळं खायला एवढ्या लांब आलो व्हय मी?

जावई: शिळं नाही. शून्याच्या जरा वर, चार अंशांच्या आत थंड ठेवलं तर मांसातलीच द्रव्यं स्नायूंचे धागे सैल करतात. कोवळ्या बकऱ्याला त्याची गरज नाही. ही चांगली पाचसहा वर्षांची डोंगर चढणारी मादी होती.

मामा: मग त्याला कुकर हाय, आठवडा कशाला पायजे?

इथे दोघंही आपापल्या घड्याळाप्रमाणे बरोबर होते. कोल्हापुरात मटणवाल्याची लढाई माशांशी आणि उन्हाशी असते, ती तो वेगानं जिंकतो. डोंगरातल्या शिकाऱ्याची लढाई जनावराच्या स्वतःच्या अंगातल्या उष्णतेशी असते. एल्क मेला तरी त्याच्या अंगात अडतीस-एकोणचाळीस अंशांची ऊब असते, वर हिवाळ्यासाठी वाढवलेले दाट केस, आणि मांड्या इतक्या जाड की बर्फावर पडलेलं जनावरसुद्धा कातड्यासकट ठेवलं तर आतून तासन्‌तास गरम राहतं. सगळ्यात आधी नासतं ते मागच्या पायाच्या खुब्याजवळ, हाडाला लागून. बाहेरून मांस लालबुंद, ठणठणीत; सुरी हाडापर्यंत गेली की आंबट, कुजका भपकारा. म्हणून गोळी लागल्यानंतरचं पहिलं काम एकच: कातडं काढा आणि मोठे तुकडे एकमेकांपासून सोडवा, म्हणजे वारं लागेल. बंदुकीचं काम एका क्षणाचं, त्यानंतरचं चाकूचं आणि पाठीचं. शिकारीच्या गोष्टी सांगणारे बहुतेक लोक तो क्षणच रंगवतात. जावई मात्र चाकूपासून सुरू करतो, हे त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

मामा: रक्त कवा काढलं? गळ्यावरनं सुरी फिरवली का न्हाई?

जावई: गोळी दोन्ही फुप्फुसांतून गेली होती. रक्त छातीच्या पोकळीतच उतरतं. मी पोचलो तेव्हा हृदय थांबलेलं होतं. मग गळा कापून काय निघणार?

मामा: म्हंजे रक्ती गेली. आमच्या गावाकडं जत्रंचं बकरंबी मुलाण्याच्या हातचं. पैलं काम रक्ताचं, खाली परात धरायची. कांदा घालून परतली की पोरं भांडायची तिच्यावर. बरं, पुढं सांगा.

जावई: ती उतारावर पडली होती. आधी एक पाय दोरानं झाडाला बांधला, नाहीतर काम करताना घसरत जाते. एका कुशीवर केली. मग मानेपासून शेपटीपर्यंत, पाठीच्या कण्यावरून एकच चीर. पातं कातड्याखाली घालायचं आणि धार वरच्या बाजूला ठेवून चिरत जायचं. म्हणजे केस कापले जात नाहीत, नुसते बाजूला होतात. वरून खाली कापलं तर सगळे केस मांसावर.

मामा: हे बराबर हाय. केस आन् हात. कातड्याला लागलेला हात मटणाला लावायचा न्हाई. बोकडाचा वास येतो म्हणतात ना लोक, त्यातला निम्मा खाटकाच्या हाताचा असतोय.

जावई: मग कातडं पोटाच्या बाजूला सोलत न्यायचं. सोललेलं कातडं जमिनीवर पसरलं की मांस मातीला लागत नाही. मग पुढचा पाय.

मामा: त्याला सांधाच न्हाई. पाय वर उचलायचा आन् बगलंतनं सुरी घालायची. नुसत्या मांसावर लोंबकळत असतोय.

जावई: हो, मी व्हिडिओत बघून शिकलो.

मामा: घरात विचारायचं की. पोरीला धाव्या वर्षापासनं ठाऊक हाय.

आतल्या दारातून लेक म्हणाली, "विचारलं नाही त्यांनी कधी." एवढंच म्हणाली आणि आत गेली.

जावई: मागच्या पायाला मात्र खुब्याचा सांधा सापडावा लागतो. मांडी बाहेर रेटली की वाटी उघडते, आतली शीर कापायची, पाय सुटतो. मग पाठीच्या कण्याला लागून दोन्ही बाजूंना लांब पट्ट्या असतात, त्या काढायच्या. मान. बरगड्यांमधलं मांस. मग जनावर उलटं करायचं आणि दुसऱ्या कुशीवर परत तेच. सगळ्यात शेवटी, शेवटच्या बरगडीमागून हात घालून, पोट जरा दाबून धरून, आतल्या बाजूच्या दोन कोवळ्या पट्ट्या.

मामा: थांबा. म्हंजे पोट फोडलंच न्हाई?

जावई: नाही. या पद्धतीत आतडी काढतच नाहीत.

मामांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांच्या धंद्यात पोट न फोडता जनावर संपवणं म्हणजे घर न उघडता घर झाडणं. खुलासा असा, की जुनी पद्धत आतडी काढण्याचीच आहे. जिथे हरणं लहान आणि रस्ता जवळ, तिथे अजूनही पोट साफ करून आख्खं जनावर ओढत गाडीपर्यंत नेतात. पण सव्वादोनशे किलोची एल्क, तीन हजार मीटर उंचीवर, गाडीपासून काही किलोमीटर लांब. ती ओढणार कोण? तुकडेच न्यायचे तर आतड्यांना हात लावण्याचं कारण उरत नाही. पोट फुटून सगळं बरबटण्याचा धोकाही टळतो. डोंगराळ पश्चिमेत आता बरेच जण असंच करतात.

मामा: आन् कलेजी?

जावई: काढता येते. बाजूनं हात घालून हृदय, कलेजी दोन्ही निघतात. पण अंधार पडत होता, आणि आम्ही दोघंच.

मामा: पित्ताची पिशवी फुटंल म्हणून भ्यालात व्हय?

जावई: एल्कला पित्ताशय नसतंच, मामा. हरणांच्या कुळात कुणालाच नसतं.

मामा: न्हाई? पित्तच न्हाई?

जन्मभर रोज पहाटे कलेजीवरून ती हिरवी पिशवी दोन बोटांत धरून अलगद सोडवणारा माणूस. एक थेंब सांडला तर अख्खी कलेजी कडू, गिऱ्हाईक परत. त्याला ही बातमी केवढी वाटली असेल!

मामा: म्हंजे देवानं साफ करून हातात दिली होती कलेजी. आन् तुमी ती टाकून आला.

जावई: कायद्यानं ती आणायची सक्ती नाही.

मामा: कायदा काय म्हणतो?

जावई: खाण्याजोगं मांस सोडून येणं गुन्हा आहे. चारही पाय, पाठीच्या पट्ट्या, आतल्या पट्ट्या, एवढं तर आणावंच लागतं. नुसती शिंगं घेतली आणि धड टाकलं तर मोठा गुन्हा, परवाना जातो. अलास्कात तर मान आणि बरगड्यांचं मांससुद्धा आणावं लागतं, आणि मांस खाली पोचेपर्यंत शिंगं जागेवरून हलवता येत नाहीत.

मामा: शिंगांचा कायदा चांगला हाय. पर बाकीचा शिकाऱ्यानं लिवलाय, खाटकानं न्हाई. खाटकानं लिवला असता तर पैली कलेजी घातली असती. रक्ती गेली, कलेजी गेली, गुर्दे गेले, वजडी गेली. पाय?

जावई: गुडघ्याखालचे तिथेच.

मामा: पाया गेला. कातडं?

जावई: तेही. ओलं कातडं एकट्याचंच बरंच जड भरतं.

मामा: मग आणलं काय? निम्मं जनावर टाकून आलात आन् मला सांगता, टाकणं गुन्हा हाय!

जावई: टाकलं नाही, मामा, तिथे सोडलं. दुसऱ्या दिवशी उरलेलं न्यायला वर गेलो तेव्हा डोमकावळे आणि मॅगपाय पक्षी तुटून पडले होते. रात्री कोल्हे येऊन गेले असणार. काळी अस्वलं या दिवसांत झोपेआधी चरबी साठवत असतात. म्हणून तर मांसाच्या पिशव्या आम्ही धडापासून बऱ्याच लांब नेऊन झाडाला टांगल्या. आठवड्यानं जा, हाडं आणि केसांशिवाय काही दिसणार नाही. वाया काय गेलं त्यात?

मामा: वाटा. आमच्या आज्जाच्या टायमाला रानात हाका घालून डुक्कर मारायचे. वाटे पडायचे. बंदूकवाल्याला जादा, हाकंवाल्यांना एकेक, कुत्र्यांनाबी. कावळ्याला कोण न्हाई म्हणतंय? पर कलेजी कावळ्याला कुणी दिली न्हाई.

आज्जांच्या त्या काळाला १९७२ पासून कुलूप लागत गेलं. वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडची शिकार आधी आवळली आणि पुढे बंद केली. पिकं नासवणाऱ्या रानडुकराला मारायची परवानगी मिळाली तरी मेलेलं जनावर कलम ३९ प्रमाणे सरकारच्या मालकीचं. त्याचे वाटे पाडता येत नाहीत. त्यामुळे मारलेल्या रानजनावराचं काय करायचं, हा प्रश्न मराठी माणसापुढे कित्येक वर्षं आलेलाच नाही. या गॅरेजमध्ये तो आला आणि एकदम दोन पिढ्यांच्या अंतरानं आला.

कावळ्यांच्या वाट्यावर मामांनी एक अडचण काढली ती मला फार नेमकी वाटली. ते म्हणाले, गोळी शिशाची असती ना? ते शिसं पोटात राहिलं आन् पाखरानं खाल्लं तर? ही शंका खरी आहे. शिशाची गोळी हाडावर आपटली की तिचे बारीक कण जखमेपासून बऱ्याच लांबपर्यंत पसरतात, डोळ्यांना दिसत नाहीत, क्ष-किरणात दिसतात. मेलेल्या जनावरांवर जगणारे गरुड आणि कॅलिफोर्नियातली कॉन्डॉर गिधाडं त्यानं विषबाधा होऊन मेली आहेत. कॅलिफोर्नियानं म्हणूनच १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली. माणसांच्या ताटातही तेच कण येतात. २००८ साली नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेलं हरणाचं मांस याच भीतीनं परत घ्यावं लागलं होतं. जावई तांब्याची गोळी वापरतो, ती सहसा फुटत नाही. कोलोरॅडोत तशी सक्ती नाही, तो आपखुशीनं वापरतो.

मामा: बकऱ्यात गोळी नसती, एवढं तरी बरं हाय. मग खाली कसं आणलं? हमाल मिळतात?

जावई: आम्हीच हमाल. फ्रेम असलेली मोठी पाठपिशवी, तिच्यात एका वेळी एक फरा. मागचा एकेक पंचवीस किलोच्या वर. हाड काढून नेलं तर हलकं होतं, पण हाड असलं की मांस नीट बांधलं जातं, लोंबत नाही. हातात दोन काठ्या. उतरताना गुडघे मोडतात, चढताना दम जातो, हवाच पातळ.

मामा: हातगाडी न्यायची.

जावई: तिथे चाक चालत नाही. रावा नावाचं राखीव रान आहे ते. १९६४ च्या कायद्यानं तिथे मोटार सोडाच, साधं चाकसुद्धा बंद. माणसाची पाठ नाहीतर घोडा. घोडा आमच्याकडे नाही.

मामा: मग गाडीपासनं एवढ्या लांब मारायचं कशाला?

या प्रश्नावर जावयानं जे उत्तर दिलं ते त्याच्या सगळ्या बोलण्यातलं मला सर्वांत पटलेलं. तो म्हणाला, दुर्बिणीतून जनावर दिसतं तेव्हा मी आधी त्याच्याकडे नाही, मधल्या दरीकडे बघतो. ती दरी फऱ्यासकट चार-पाच वेळा ओलांडता येईल का? येणार नसेल तर गोळी झाडायची नाही. जनावर कितीही सोपं उभं असो. बरेच लोक हा हिशेब गोळी झाडल्यावर करतात, आणि मग उबदार सप्टेंबरात धनुष्यबाणाच्या हंगामात अख्खं जनावर हाडाशी नासतं. मामा यावर काही बोलले नाहीत, मान हलवली. उधारीवर बकरं घेऊन ते विकलं जाईल की नाही, हा अंदाज ज्यानं रोज बांधला त्याला हे समजायला वेळ लागला नाही.

पुढचा मुद्दा पैशाचा. मादीचं हाड काढलेलं मांस सत्तर किलोच्या घरात जाणार होतं. मामांनी मनातल्या मनात भाव लावला असावा, कारण त्यांनी विचारलं, यातलं किती विकणार?

जावई: विकता येत नाही. एक किलोसुद्धा नाही. रानटी जनावराचं मांस विकणं गुन्हा.

मामा: द्यायचं तर?

जावई: फुकट देता येतं, सोबत चिठ्ठी लागते. कुणी मारलं, परवाना क्रमांक, तारीख, सही. डोंगरातून आणतानासुद्धा परवान्याची पावती मांसाला बांधावी लागते, आणि एका फऱ्याला आचळ तसंच चिकटलेलं ठेवायचं, मादीच होती हे दाखवायला. परवाना मादीचा होता ना.

मामा: हे आमच्या शिक्क्यासारखं झालं. कत्तलखान्यात डॉक्टर बघतो, फऱ्यावर शिक्का मारतो. पर शिक्का विकायसाठी मारतात. विकायचंच न्हाई तर कशापायी एवढी कागदं?

जावई: विकू दिलं तेव्हाच तर सगळं संपलं होतं. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी शिकारी गाड्या भरभरून मांस शहरात पाठवायचे. कोलोरॅडोत तेव्हा जेमतेम हजारभर एल्क उरले. १९०० साली केंद्रानं कायदा करून चोरट्या मांसाचा राज्याबाहेरचा व्यापार रोखला. मग १९१३ मध्ये इथून जवळच एस्टेस पार्कला बाहेरून एल्क आणून सोडले. बंदूक आणि काडतुसांवर दहा-अकरा टक्के कर आहे, १९३७ पासून तो वन्यजीवांसाठी खर्च होतो. आज दिसतात ते एल्क त्यातून वाढलेले.

मामा: म्हंजे खाटकानं संपवले आन् शिकाऱ्यानं वाचवले. असं हाय व्हय?

जावई: तसं नाही म्हणालो मी.

मामा: म्हणाला न्हाईत. पर निघतंय तसं.

जावई: मामा, माझं म्हणणं वेगळं आहे. दुकानातून पाकिटातलं चिकन आणताना काहीतरी मेलंय हे आपण विसरतो. इथे विसरता येत नाही. हात आत जातात, पाठीवर वजन येतं. जे खातो त्याबद्दलचा आदर असतो तो.

मामांनी फऱ्यावर ठेवलेला हात काढला.

मामा: आदर. तुमी वर्षाला एक जनावर कापता, त्याला आदर म्हणायचं. माझ्या बानं रोज कापली, त्याला लोक काय म्हणायचे ठाऊक हाय? लग्नाच्या पत्रिकेत दुकानाचं नाव घालू नका, असा निरोप आला होता तुमच्याकडनं. मी घातलं न्हाई. लेकीचं लगीन होतं.

जावई: ते आईचं होतं, मामा.

मामा: आईचं असूदे की. तवा तुमीबी गप होता.

जावयाकडे उत्तर नव्हतं आणि त्यानं बनवूनही काही सांगितलं नाही. मला स्वतःला हे आधी सुचायला हवं होतं. मांड्यांच्या सांध्यापासून कावळ्यांपर्यंत इतका वेळ आम्ही बोलत होतो, आणि टेबलाच्या दोन बाजूंना कोण उभं आहे याकडे फक्त मामांचं लक्ष होतं. अमेरिकेत शिकारीवरची पुस्तकं, चित्रफिती, पाकक्रिया यांचं पेव फुटलं आहे. त्यांत आपल्या हातानं जनावर सोलणारा माणूस हा प्रामाणिक, निसर्गाशी नातं सांगणारा असा रंगवलेला असतो. त्यातलं सगळंच खोटं नाही. पण रोज हेच काम करणाऱ्या माणसाला तो मान तिथेही मिळत नाही. तिथल्या मोठ्या कत्तलखान्यांत राबणारे बरेचसे बाहेरच्या देशांतून आलेले गरीब लोक आहेत, त्यांच्यावर कुणी असली चित्रफीत काढत नाही. आपल्याकडे तर त्या कामाला जातच चिकटवली. छंद म्हणून सुरी धरली की माणूस खोल, आणि पोटासाठी धरली की हलका. हा फरक मांसात कुठेही सापडणार नाही, कितीही बारीक कापलं तरी.

थोड्या वेळानं मामांनी स्वतःच सुरी मागितली. जावयाकडे पातं बदलायचा चाकू होता, दाढीच्या ब्लेडसारखा पातळ. तो त्यांनी बाजूला ठेवला, हाडावर लागला तर मोडतोय म्हणाले, आणि लेकीच्या स्वयंपाकघरातली जाड पात्याची सुरी मागवली. जावयानं आधीच्या फऱ्याचे आडवे तुकडे केले होते. मामांनी तसं केलं नाही. त्यांनी मांडीवर बोट फिरवून दोन स्नायूंमधला पांढरा पडदा शोधला, तिथे सुरीचं टोक घातलं आणि बाकीचं काम अंगठ्यानं केलं. स्नायू आख्खे, एकामागून एक निघत गेले. मोठे भाजायला, नळीलगतचे शिजवायला, चुरा खिम्याला. हाड शेवटी जवळपास कोरडं निघालं.

मामा: आडवं कापलं की पडदे आत राहतात. मग म्हणायचं, मटण चिवट हाय, आठवडा टांगा. आन् ही चरबी का काढून टाकता?

जावई: हरणाची चरबी मेणासारखी असते. निवली की टाळूला चिकटते, आणि फ्रीझरमध्ये तिलाच आधी वास लागतो.

मामांनी चरबीचा कण जिभेवर ठेवला, थुंकला आणि म्हणाले की हे मात्र खरं हाय, तांबड्या रश्शाला बाहेरची चरबी लागंल. वादात त्यांनी तोंडानं मान्य केलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक, पहिली केसांची.

फ्रीझरमध्ये जागा करताना कोपऱ्यातल्या बर्फाच्या पेटीत त्यांना काळी पिशवी दिसली. उघडून पाहतात तर आत एल्कची मुंडी. त्यांना खरोखर आनंद झाला.

मामा: मुंडी आणली की! मग आदी बोलायचं. मी उगंच बोलत बसलो. कुठं हाय कोयता?

जावई: मामा, थांबा. ती खायची नाही. तपासायला न्यायची आहे उद्या.

मामा: तपासायला?

जावई: हरणांना एक रोग होतो. मेंदूला भोकं पडतात, जनावर वाळत वाळत मरतं. तो पहिल्यांदा दिसला तो याच गावात, फोर्ट कॉलिन्समधल्या संशोधन केंद्रातल्या पाळीव हरणांत, १९६७ साली. १९८१ मध्ये कोलोरॅडोतल्या रानटी एल्कमध्ये सापडला, आता बऱ्याच राज्यांत आहे. घशातल्या गाठी आणि मेंदूचा देठ तपासतात, म्हणून मुंडी. मेंदू, डोळे, कण्यातला मज्जारज्जू, हे तर एरवीही खाऊ नका सांगतात.

मामा: उकळून?

जावई: उकळून, भाजून, कशानंही जात नाही. तो जंतू नाहीच, बिघडलेलं प्रथिन आहे. माणसाला झाल्याची एकही नोंद नाही अजून. एल्कमध्ये हरणांपेक्षा प्रमाणही कमी. पण रोग निघाला तर मांस खाऊ नये असा सल्ला आहे.

मामा: सगळं? हा फरा, पाठ, मान?

जावई: सगळं. पिशव्यांत बांधून कचरा डेपोत.

मामा: आन् वर सोडलेली कलेजी, ती खाल्ली कावळ्यांनी?

जावई: ते धड जिथलं तिथंच राहिलेलं बरं. रोग दुसऱ्या रानात जाऊ नये म्हणून, तपासायला न्यायचं सोडून, डोकं, कणा इकडे-तिकडे नेऊच नका म्हणतात.

मामांनी पिशवीची गाठ पुन्हा मारली. कत्तलखान्यातला डॉक्टर जनावर उभं असताना एकदा बघतो आणि कापल्यावर एकदा, असं ते म्हणाले. निम्मा फ्रीझर भरून झाल्यावर तपासायचं हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. निकाल कधी लागतो, असं त्यांनी विचारलं. जावई म्हणाला, दोन-तीन आठवड्यांनी, संगणकावर कळतो. त्यांचं परतीचं विमान त्याच्या आधीचं होतं.

मामा: मग मला फोन करा. चांगला निघाला तर कलेजीवरनं परत बोलू आपण.